डावीकडची माणसं

नवी गाडी घेतली की माणसं सगळ्या जगाला सांगत सुटतात. तीच गाडी विकायला आणली की मात्र आवाज खाली जातो, नजर टेबलाच्या कडेवर जाऊन बसते आणि खोटं सुरू होतं. मी वापरलेल्या गाड्यांच्या यार्डात कागदपत्रं बघते, त्यामुळे हे खोटं रोज माझ्याच टेबलावरून पुढे जातं. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं आणि साहेब सांगतात, "आता जरा मोठी घ्यायचीय." बाई म्हणतात, "पार्किंगचा फार त्रास हो." कुणाची बदली होते, कुणाच्या कमरेला सीट मानवत नाही, आणि एका गृहस्थांना तर म्हणे रंगाचा कंटाळा आला होता. मी मान डोलावते आणि सह्या घेते. माझ्या बापाचं काय जातं?

भावोजींचं मात्र जायचं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. आमच्या यार्डात आलेली गाडी विकत घ्यायची की नाही, हे तेच ठरवायचे. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आधी एका कारखान्याच्या साहेबांची, मग एका दवाखान्याची, मग यार्डात येणारी प्रत्येक. मला इथे चिकटवलं ते त्यांनीच, आणि त्याबद्दल ते मला रोज एकदा ऐकवायचे. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "मी तुमच्या बायकोची बहीण नसते तर तुम्हाला इथे दुपारचा चहा कुणी विचारला असता का," असं मी म्हटलं की गडी गप्प.

गाडी तपासण्याची त्यांची एक रीत होती, आणि तिच्यावरून यार्डात सगळे त्यांची टिंगल करायचे. बाकीचे तपासणारे गाडी मागच्या गल्लीत एक चक्कर फिरवून आणत. भावोजी म्हणायचे, "छे, तुम्ही रोज जाता त्या रस्त्याने जाऊ." मालकाला ते डावीकडच्या सीटवर बसवायचे, स्वतः स्टेअरिंगवर बसायचे आणि कागदांची पिशवी घेऊन मी मागे. फेरी संपली की सह्या, म्हणून मला जावं लागायचं. मालकाच्या घरापासून त्याच्या कामाच्या जागेपर्यंत, नाहीतर पोरांच्या शाळेपर्यंत, जिथे ती गाडी रोज जायची तिथपर्यंत आम्ही जायचो. इंजिनाचा आवाज, गिअर, ब्रेक, हे सगळं भावोजी बघत असतील. पण त्यांची खरी नजर असायची शेजारच्या माणसाच्या उजव्या पायावर.

स्वतःची गाडी दुसरा चालवत असला की माणसाचा पाय नसलेला ब्रेक दाबतो. सगळ्यांचाच दाबतो, त्यात विशेष काही नाही. भावोजींचं म्हणणं एवढंच की तो कुठे दाबतो ते बघायचं. गर्दीत दाबला तर सोडून द्यायचं. रिकाम्या रस्त्यावर, काही कारण नसताना दाबला, की तिथे आहे काहीतरी.

एक औषधविक्रेते आले होते. "ॲव्हरेज देत नाही," म्हणाले. फेरीत एका मोठ्या चौकात सिग्नल हिरवा होता, पुढे चिटपाखरू नव्हतं, आणि ह्यांचा पाय जमिनीत घुसेल इतका दाबलेला. भावोजींनी गाडी कडेला घेतली आणि नुसती बंद करून बसले. ते काही विचारायचे नाहीत, बसायचे. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ काचेकडे बघत म्हणाले, "वडील मागे आडवे होते. सिग्नल लाल होता म्हणून मी थांबलो. रस्ता मोकळा होता हो. कुणी नव्हतं. पण लाल होता म्हणून मी थांबलो." दवाखाना तिथून समोर दिसत होता. मी मागे बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते.

सगळेच असे नसतात, नाहीतर मी केव्हाच नोकरी सोडली असती. एका कंत्राटदाराचा पाय दाबला तो शेजाऱ्याच्या फाटकासमोर. शेजाऱ्याची गाडी बघून ह्याने घेतली, आठवड्याभरात शेजाऱ्याने त्याहून लांब घेतली, आणि ह्याचं जेवण गोड लागेना. एक नवराबायको होते, ते फेरीला दोघंही मागे माझ्या दोन बाजूंना बसले आणि मधे मी. त्यांचा पाय कुठे दाबला ते बघायची गरजच पडली नाही, कारण पूर्ण रस्ताभर ते माझ्या डोक्यावरून भांडत होते. बाई मला म्हणाली, "घरात भांडलं तर निदान दुसऱ्या खोलीत जाता येतं. ह्या डब्यात कुठे जाणार?" मला ते पटलं.

आणि काही लोक सरळ म्हणायचे, गाडीत काहीतरी आहे. एका शिक्षिकेने तर माझा हात धरून सांगितलं होतं, मागच्या सीटवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, आरशात बघायची हिंमत होत नाही. अशांना भावोजी हसायचे. त्यांच्या तोंडावर नाही, नंतर, चहा पिताना. "गाडीत कधी काही नसतं गं," ते म्हणायचे. "सगळं माणसात असतं. माणूस उतरला की गाडी रिकामी."

हे वाक्य त्यांना पुढे फार महाग पडलं.

उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर भावोजींनी स्वतःची घेतली. नवी कोरी, शोरूममधून. यार्डातल्या चांगल्यातली चांगली गाडी त्यांना अर्ध्यात मिळाली असती. मी तसं म्हटलंही. तर म्हणाले, "नको. जिच्यात आधी कुणी रडलेलं नाही अशी एक गाडी मला हवीय." ती घरी आली त्या दिवशी ताई सारखी पदराने तिची काच पुसत होती आणि भावोजी तिला ओरडत होते की पदराने ओरखडे पडतात. दोघांचेही चेहरे बघण्यासारखे होते. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी भावोजींना एकदाही टोमणा मारला नाही.

गाडीचं काम ठरलेलं होतं. नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं. मुलगा आणि सून दोघंही सकाळीच कामाला बाहेर पडत, त्यामुळे पोर आजोबांच्या ताब्यात. ती मागच्या सीटवर बसून आजोबांना हुकूम सोडायची आणि आजोबा "जी सरकार" म्हणत गाडी हाकायचे.

काही आठवडे असे गेले आणि मग भावोजी गप्प गप्प राहायला लागले. यार्डात चहा पिताना कप हातात तसाच राहायचा. कामातही मजा दिसेना. फेरीवरून आलो की म्हणायचे, "आजकाल कुणाचा पायच हलत नाही. लोक दगड झालेत." मी म्हटलं, "लोक दगड झाले नाहीत, तुम्ही म्हातारे झालात." एरवी ह्यावर ते काहीतरी चरचरीत बोलले असते. त्या दिवशी नुसतं माझ्याकडे बघत राहिले.

मग एका दुपारी यार्ड रिकामं असताना त्यांनी माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, "तुला एक सांगतो. ताईला बोलू नकोस."

"बोला."

"माझ्या गाडीत काहीतरी आहे."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती.

"माणसं दिसतात," ते म्हणाले. "डावीकडे. रस्ता मोकळा असतो. मी बघत असतो ना, इतकी वर्षं काय केलं मी? रस्ता मोकळा असतो, आणि एकदम बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी कुणीतरी उभं असतं. चालत येत नाही. उगवतं. काल एक बाई होती, कडेवर मूल. परवा एक म्हातारा, हातात काठी. माझ्याकडे बघतात. असे बघतात, जसं काही मी त्यांचं वाईट केलंय. आणि मग पुढे गेलो की नसतात."

"नसतात म्हणजे?"

"नसतात म्हणजे नसतात. डावीकडे मागे कुणीच नसतं. फेरीत असं झालं नाही, तिथे शेजारचा मालक आधीच हात दाखवून थांबवतो."

भर दुपार होती. बाहेर उन्हात गाड्यांच्या काचा चमकत होत्या, आणि मी मात्र उठून पंखा बंद केला. मी मनाने इतकी कच्ची नाही. पण हा माणूस लोकांच्या भुतांना हसणारा माणूस होता. त्याला हे बोलायला किती जड जात असेल ते मला दिसत होतं, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"तुमची झोप नीट होते का?" मी विचारलं.

"झोपेचं नाहीये." ते आणखी पुढे वाकले. "तुझ्या बहिणीलाही दिसतं."

"तिने सांगितलं?"

"सांगत नाही. पण ती हल्ली रोज येते शाळेत सोडायला. हवा खायला येते म्हणते. पुढे बसते. आणि मधेच दचकते, खोकते, उगाच 'अहो, ते बघा' म्हणते. मी बघतो तिकडे, तर तिथे कुणीतरी उगवलेलं असतं. दरवेळी आधी ती दचकते आणि मग ते दिसतं. तिला माझ्याआधी कळतं गं, ते येणार आहे ते."

त्या रात्री मी दिवा लावून झोपले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोनचार दिवसांनी ताईने घरात स्फोट केला. गाडी विकायची. आत्ताच्या आत्ता. मी तेव्हा तिथेच होते, सुनेने जेवायला बोलावलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, अजून नवी आहे ती." ताई म्हणाली, "दारात जागा नाही." जागा होती, चांगली ऐसपैस. मग म्हणाली, पेट्रोल परवडत नाही. मग म्हणाली, रंग मला पहिल्यापासून आवडला नव्हता. माझ्या टेबलावरून जाणारी सगळी खोटी कारणं तिने एका जेवणात वाढली. बोलताना ती भावोजींचं ताट मधेच अर्धवट फिरवत होती, काय तिच्या मनात होतं देव जाणे. भावोजी खाली बघून जेवत राहिले. त्यांनी ही कारणं आयुष्यभर ऐकली होती. त्यांना कळत होतं की बायको खोटं बोलतेय, आणि तिला जे दिसतंय ते तिच्या तोंडून बाहेर पडत नाहीये.

शेवटी हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "विकू. पण सगळ्यांची करतो तशी तुझीही फेरी होईल. त्यानंतर विकू."

ताई माझ्याकडे बघायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. "पोर घरी राहील," ती म्हणाली. "ती नाही येणार गाडीत." एवढीच तिची अट होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भावोजी स्टेअरिंगवर, त्यांच्या डाव्या हाताला ताई, आणि मी नेहमीसारखी मागे, फक्त ह्या वेळी पिशवी नव्हती. मी भावोजींच्या पाठीमागे बसले होते, त्यामुळे दोन सीटांच्या मधून मला ताईचे पाय दिसत होते. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काही मोठा नाही. आधी त्यांची गल्ली, मग दुकानांचा रस्ता, मग एक वळण आणि शाळेची लांबलचक भिंत.

खरं सांगते, मी डावीकडे बघायला तयार नव्हते. मी ताईच्या चपलेकडे बघत होते.

गल्ली संपायच्या आत ती चप्पल दाबली गेली. मग जरा सैल झाली. मग पुन्हा दाबली गेली, इतकी की टाच उचलली गेली आणि पायाची नस ताठ झाली. मी मान वर केली. डाव्या बाजूने, दुकानाच्या पायऱ्या उतरून एक माणूस डोक्यावर खोकं घेऊन येत होता. चांगला लांबून येत होता. भूतबीत काही नाही, घामाघूम झालेला साधा हमाल. तो फूटपाथवर आला, रस्त्यावर उतरला, आणि आमच्यासमोरून जायला लागला. ताई खोकली. भावोजींनी करकचून ब्रेक मारला. खोकं जवळजवळ बॉनेटवर आलं, आणि हमालाने आम्हाला जी शिवी दिली ती भुतांना येत नसावी.

"बघितलंस?" भावोजी म्हणाले. "बघितलंस ना तू? कुठून आला?"

मी पुन्हा ताईच्या चपलेकडे बघितलं. कुठून आला ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं होतं.

पुढे एक सायकलवाला मुलगा आला, घंटी वाजवत, डाव्या कडेने. पुन्हा ताईचा पाय. पुन्हा खोकला. पुन्हा भावोजी दचकले, जणू तो जमिनीतून वर आला. मग एक कुत्रं. मग हातात हात घालून चालणाऱ्या दोन मुली. ताईने एका हाताने सीटची कड धरली होती, दुसऱ्या हाताने दाराची मूठ, आणि उजवा पाय आता ती उचलतच नव्हती. शाळेच्या भिंतीपर्यंत तो तसाच दाबलेला राहिला. माझ्या लक्षात सगळं आलं होतं आणि मला ते नको होतं. माझ्या मनात आलं, देवा, भूत असू दे. भूत परवडेल.

भावोजींनी भिंतीशी गाडी लावली आणि बंद केली. नेहमीसारखे बसून राहिले. मग जड आवाजात म्हणाले, "तुझा पाय कुठेच हलला नाही."

ताई रडायला लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

"मग कशाला विकायचीय?" ते म्हणाले. "पाय हलला नाही तुझा. मी बघत होतो. सांग ना, काय दिसतं तुला?"

ताईने पदर तोंडाला लावला. तेव्हा मलाच बोलावं लागलं. माझी जीभ एरवी कशी चालते ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"भावोजी," मी म्हटलं, "तिचा पाय रस्ताभर दाबलेला होता. अजूनही आहे. बघा."

त्यांनी मान वळवून बघितलं. पूर्ण मान. चपलेखालची चटई गोळा होऊन पुढे सरकली होती. ते तिच्याकडे बघत राहिले, मग समोर बघितलं, मग पुन्हा मान वळवली. समोर बघितलं की पाय नाही, मान वळवली की पाय आहे. हे त्यांनी किती वेळा केलं असेल कोण जाणे. मग ते समोरच्या भिंतीवर नजर लावून स्तब्ध बसले आणि त्यांनी आपला डावा हात हळूहळू बाजूने पुढे आणायला सुरुवात केली. हात ताईच्या खांद्यापाशी होता. आरशाखाली आला. स्टेअरिंगच्या मध्यावर, त्यांच्या नाकासमोर आला. तेव्हा ते दचकले, अगदी तसेच, सायकलवाल्याला बघून दचकले होते तसे.

"माझाच हात उगवला," ते म्हणाले.

मग ताई बोलायला लागली आणि थांबेचना. जेवताना ते ताटाची डावी बाजू तशीच टाकतात, मग ती गुपचूप ताट फिरवते. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा आपटतो, म्हणून तिने तिथलं स्टूल काढून टाकलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला वाटलं चष्म्याचं असेल. मग एकदा ती शाळेपर्यंत बरोबर आली आणि तिने रस्ता बघितला. "तुम्हाला कसं सांगणार होते मी?" ती म्हणाली. "स्टेअरिंग काढून घेतलं तर तुमच्याकडे राहतं काय? मला वाटलं, गाडीच गेली की झालं. मग काही सांगायला नको. तोवर मी बसत होते ना शेजारी. खोकत होते."

भावोजींनी किल्ली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. घरी आम्ही चालत आलो. गाडी संध्याकाळी मुलाने आणली.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. मेंदूला कधीतरी एक बारीक झटका येऊन गेला होता. तो त्यांना कळलाही नाही, झोपेत आला असेल नाहीतर डोकं दुखतंय म्हणून गोळी घेतली त्या दिवशी आला असेल. डोळे शाबूत, पण डावीकडचं मेंदूपर्यंत पोचतच नव्हतं. तिथे काळोख दिसत नाही, म्हणाले, तिथे काहीच दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं की सगळं दिसतंय. गेलेलं परत येईल असा भरवसा त्यांनी दिला नाही. गाडी चालवायची नाही, एवढं मात्र तीनतीनदा बजावलं. भावोजींनी वाद घातला नाही. ताईला जी भीती होती, की हा माणूस खचेल, अंथरूण धरेल, तसं काही झालं नाही. ती मला म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होते मी." मीही सुटकेचा श्वास टाकला.

गाडी आमच्याच यार्डात आली. त्यांच्या जागी आलेला नवा तपासणारा तिच्याभोवती फिरला आणि वाकून म्हणाला, "काका, हा डावीकडचा चरा कशाचा?"

मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत रंगावर एक लांब रेघ होती. डावा आरसा पण थोडा आत दबलेला होता, आणि त्याच्या कडेला रंग उडालेला. भावोजींनी मान वळवून पाहिलं. ते कधी पाहिलंच नव्हतं त्यांनी. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी बसायला लागले तेव्हा होती ती. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, भिंतीला लागली असेल."

"भिंतीला," भावोजी म्हणाले.

"भिंतीलाच असणार, काका," तो पोऱ्या म्हणाला. "पॉलिश केली की जाईल." आणि ती गेलीही. कमी वापरलेली, एकाच मालकाची, म्हणून गाडी लगेच खपली. विकत घेणाऱ्याने मालक का विकतोय असं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, म्हातारपणी डोळ्यांनी साथ सोडली. खरं इतकं पटकन पटतं हे मला नव्यानेच कळलं.

त्यानंतर भावोजी सकाळी फिरायला जायला लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणायचे. आम्हाला बरं वाटलं. एकदा मला वाटलं, आपणही जावं, तर म्हणाले, "कशाला? राहू दे." मग मी हट्टाने गेले. दुकानांच्या रस्त्याने, डाव्या कडेने, मान सारखी डावीकडे वळवत ते चालले होते. प्रत्येक दुकानापाशी थांबत होते. मला आधी कळेना. मग मी ऐकलं.

"मागे कधी इथे कुणाला गाडी लागली होती का हो?" ते विचारत होते. "पांढरी गाडी. थांबली नसेल ती. सरळ निघून गेली असेल."

मी त्यांचा हात धरला. "भावोजी, काय चालवलंय हे? भिंतीला लागलीय ती."

"असेल," ते म्हणाले. "जी माणसं उगवली ना, त्यांची मला आता भीती नाही. ती वाचलेली माणसं होती. मला दिसली म्हणून तर मी ब्रेक मारला. तुझी बहीण बसायच्या आधी मी कितीतरी दिवस एकटाच होतो. पोरीला सोडून रिकामा परत यायचो. कधी कुणी उगवलं, कधी अख्ख्या रस्त्यात कुणीच नाही. मला वाटायचं, आज बरा गेला दिवस."

मी रागावले त्यांच्यावर, भर रस्त्यात, मोठ्याने, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. ते शांतपणे ऐकून घेत होते, आणि पुढच्या दुकानाकडे बघत होते.

ते पंक्चर काढणाऱ्याचं दुकान होतं. तो ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होता. भावोजींनी त्यालाही विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, "लागतं ना. ह्या रस्त्यावर कुणाला ना कुणाला लागतच असतं. गेल्या महिन्यात एक बाई, त्याआधी तो पेपर टाकणारा. थांबत नाही कुणी." मग त्याने वर बघितलं. हा म्हातारा कुणाचा तरी बाप असेल, कुणालातरी शोधत असेल, असं त्याला वाटलं असावं. त्याने हात पुसले आणि मायेने विचारलं, "तुम्ही कुठल्या दिवसाचं विचारताय, काका?"

भावोजींना दिवस सांगता येईना.